चहाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठे द्यायचा आणि दीर्घ कुठे, हे चौथीत बाईंनी शिकवलं होतं, पण चौथीनंतर शाळाच सुटली आणि ते तिथेच राहिलं. अक्षरही चांगलं नाही. ओळीवर सुरू होतं आणि शेवटी खाली उतरतं. कोणाच्या हाती हे पडलं आणि त्याला वाचताना त्रास झाला, तर माफी असावी. कोणी वाचावं म्हणून मी लिहीतही नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, कागदावर निघतो, एवढंच. पण जे लिहिते आहे ते मी पाहिलेलं आणि केलेलं आहे, त्यात मला शंका नाही.

मी एका कंपनीत चहा करते आणि साफसफाई बघते. आयटी पार्ककडे एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कंपनीचं ऑफिस आहे. दवाखान्यांच्या बिलांचं काम ते लोक कॉम्प्युटरवर चालवतात. मी ठेकेदाराची माणूस, कंपनीची नाही. पस्तीस माणसांना दिवसातून तीन वेळा चहा द्यायचा.

कामाला लागले तेव्हा पहिला महिनाभर मला कोणाचंच नाव लक्षात राहिलं नाही, आणि विचारायची लाज वाटायची. चहा मात्र पहिल्या आठवड्यातच पाठ झाला. म्हणून मी माणसं चहावरून ओळखू लागले. कोणी आलंजास्त, कोणी कोरा, कोणी दूधपाणी. ऑफिसचे सगळ्यात मोठे साहेब खिशातल्या डबीतून साखरेऐवजी एक बारीक गोळी चहात टाकत, ते गोळीवाले. त्यांच्या हाताखालचे एक साहेब नेहमी घाईत असत, उभ्या उभ्याच चहा घेत आणि त्यात काहीच टाकत नसत. ते बिनसाखर. ऑफिसात बिनसाखर तेवढे एकच.

बिनसाखर साहेबांच्या हाताखाली पारशिवनीकडची एक मुलगी होती. तिला आमच्या गल्लीत, माझ्या घरासमोरच, मीच खोली पाहून दिली होती. सकाळी आम्ही दोघी एकाच बसने इतवारीवरून निघायचो. ती माझ्याशी पुष्कळ बोलायची आणि मीही तिच्याशी बोलायची, कारण ती कधी घाई करायची नाही.

एकदा मी तिला विचारलं, "काय वं, दिवसभर तुम्ही मशीन मशीन करत राहता. मले तर झाडताना एकही मशीन दिसत नाही."

"दिसतच नाहीत मावशी. दूर एका शहरात मोठमोठे कॉम्प्युटर आहेत. त्यातली जागा कंपनी भाड्यानं घेते. एकेका कॉम्प्युटरच्या पोटात वीस-वीस मशीन मांडलेल्या राहतात."

"म्हणजे खोट्या?"

"खोट्या नाही न. काम खऱ्यासारखंच करतात. भाडं तर एकदम खरं लागते."

मी थोडा विचार केला. "मंगल कार्यालयासारखं झालं हे. हॉल एकच, मधात पडदे लावून चार लग्नं उरकतात. जेवढी जागा उघडली, तेवढं भाडं."

ती चहाचा कप खाली ठेवून हसली. "आमच्या ट्रेनिंगच्या सरले दोन दिवसांत हे सांगता नाही आलं."

मग तिने आणखी सांगितलं. एकेका माणसाच्या ताब्यात दोन-तीन दवाखान्यांच्या मशीन दिलेल्या असतात. मशीन हळू चालायला लागली की बसल्या जागी एक बटण दाबून ती मोठी करता येते. मोठी केली की भाडं त्याच मिनिटाला वाढतं, आणि काम झाल्यावर आठवणीने लहान करावी लागते. कोणती मशीन कधी मोठी झाली, कधी बंद झाली, कोणी केली, हे सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरवर आपोआप लिहिलं जातं. त्या नोंदीत प्रत्येकाचा आयडी येतो. ज्याच्या ताब्यातली मशीन, त्याच्याच आयडीने आणि पासवर्डने ती हलते. दुसऱ्याच्या आयडीने हलत नाही.

आता चिठ्ठ्यांचं सांगते.

कोणी रजेवर गेला की त्याच्या मशीनचं काम अडायचं. गावाकडे फोन लागायचा नाही. मग एकाने युक्ती काढली. रजेवर जाताना आपला पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायचा. "मावशीले इंग्रजी वाचता येत नाही, मावशी कोणाशी बोलत नाही, आणि मावशी सुट्टी घेत नाही. बँकेचं लॉकर काय करून राहिलं याच्यापुढे?" असं तो म्हणाला आणि सगळे हसले. मलाही बरं वाटलं. माझ्यावर कोणी काही सोपवलं होतं. चहापत्तीचा एक रिकामा डबा मी धुऊन, वाळवून वरच्या फळीवर ठेवला आणि चिठ्ठी त्यात टाकली. बघता बघता त्यात अकरा चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येक चिठ्ठी कोणाची हे कळावं म्हणून मी मागच्या बाजूला चहाचं नाव घालायची.

आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, दिल्यास कामावरून काढण्यात येईल, असा फलक त्याच ऑफिसात भिंतीवर लावलेला होता. मी तो रोज पुसायची. इंग्रजीत होता. त्यावर काय लिहिलं आहे हे मला फार उशिरा कळलं. ज्यांना वाचता येत होतं ते त्याच्या खालून येऊनच चिठ्ठ्या देत होते.

एक दिवस आलंजास्तची चिठ्ठी डब्यात परत आली नाही. दोघे जण एकमेकांवर ढकलू लागले. "मी नाही नेली गा, तूच नेली." "मी काहून नेऊ?" मग दोघेही माझ्याकडे वळले, "मावशी, कोणी नेली होती?" मला माहीत होतं. पण सगळे बघत असताना माझ्या घशातून आवाज निघाला नाही. चिठ्ठी शेवटी एकाच्या टेबलाच्या खणात सापडली. पण त्या दिवशी मी ठरवलं की बोलता येत नाही तर लिहून ठेवायचं.

लिहायची सवय मला जुनी होती. माझं माहेर उमरेडचं, घरी हातमाग. आजूबाजूचे विणकर आमच्याकडून सूत न्यायचे आणि घरात लिहिता येणारी मी एकटी. दहा वर्षांची असताना मी सुताची वही सांभाळायची. एकाच नावाचे तीन-तीन विणकर होते, म्हणून मी त्यांच्या खुणा लिहायची: विहिरीजवळचे, लाल फेट्याचे, बकरीवाले. कधी कोणाच्या सुताचा घोटाळा झाला नाही. तसंच मी इथे सुरू केलं. दहा रुपयांची वही घेतली. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाची चिठ्ठी, कोणी नेली, कधी परत दिली. प्रत्येक वेळी, न चुकता. वही मी डब्याशेजारीच ठेवायची. ती कोणी कधी उघडून पाहिली नाही. किराण्याची असेल असंच सगळ्यांना वाटायचं.

पोळ्याला ती मुलगी दोन दिवस गावी गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बिनसाखर साहेब पँट्रीत आले. कानाला फोन, पलीकडून कोणीतरी ओरडत होतं. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "मावशी, तिची चिठ्ठी द्या लवकर." मी दिली. वीस मिनिटांत ते परत आले, चिठ्ठी ओट्यावर टाकली आणि चहा न घेताच गेले. मी वहीत लिहिलं. त्यात विशेष असं काही नव्हतं. अशा कितीतरी ओळी त्या वहीत होत्या.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली आणि खिडकीकडे तोंड करून राहिली. बस थोडी रिकामी झाल्यावर ती आपण होऊन बोलली. तिच्या ताब्यातली एक मशीन कोणीतरी चौपट मोठी केली होती आणि परत लहान केलीच नव्हती. दोन महिने वाढीव भाडं चालू राहिलं. बिल आलं तेव्हा हिशेबाच्या लोकांनी शोध घेतला. नोंदीत तिचा आयडी. नुकसान अठ्ठेचाळीस हजार. ते तिच्या पगारातून चार हप्त्यांत कापायचं ठरलं. तिचा पगार बावीस हजार होता. महिन्याला बारा कापले तर दहा उरणार, त्यातून खोली, डबा आणि घरी पाठवायचे.

"तू केली होती का मशीन मोठी?" मी विचारलं.

"नाही मावशी. मी त्या दिवशी गावी होती. बैल सजवून राहिली होती मी. पण ते म्हणतात, घरूनही करता येते. आणि घरून केलं तरी ऑफिसच्याच वाटेनं जावं लागते, म्हणून फरक कळत नाही. नोंदीत माझंच नाव आहे. रोज तेच ऐकून ऐकून आता मलेच वाटून राहिलं, मीच केलं का म्हणून."

"कोणत्या दिवशी?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. तीन वाजून दहा मिनिटं."

मला सगळं आठवलं. ओरडणारा फोन, ओट्यावर टाकलेली चिठ्ठी. मी म्हटलं, "पोरी, तुझी चिठ्ठी त्या दिवशी माझ्या डब्यात होती."

तिने माझा हात घट्ट धरला. "मले माहीत आहे. कोणी तरी चिठ्ठी नेली असन, हेही माहीत आहे. पण मावशी, चिठ्ठीचं नाव काढू नका. पासवर्ड दिला हे कबूल केलं तर मले काढूनच टाकतात. आणि तुमच्याजवळ होता हे कळलं तर तुमचंही काम जाते. पैसे गेले तर गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि वही उघडली. ओळ होती. दिवस, तीन वाजता, तिची चिठ्ठी, बिनसाखर साहेबांनी नेली, तीन वीसला परत. माझ्याच अक्षरात, खाली उतरत गेलेली.

मी आधी बिनसाखर साहेबांकडेच गेले. माणूस विसरतो. दवाखान्याचं काम अडलं असेल, त्यांनी मशीन मोठी केली असेल, मग पोळ्याच्या सुट्टीत विसरले असतील. आठवण करून दिली की ते स्वतःच सांगतील असं मला वाटलं. ते एकटे असताना मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. बोलायला मला वेळ लागला.

"साहेब, पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पोरीची चिठ्ठी नेली होती."

त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "कोणती चिठ्ठी?"

"पासवर्डची. तुमच्या फोनवर कोणी ओरडत होतं."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं की त्यांना आठवलं आहे. पण ते शांतपणे म्हणाले, "मावशी, तुमचा गैरसमज होतो आहे. आणि एक सांगतो, तुमच्या भल्यासाठी. लोकांचे पासवर्ड तुम्ही डब्यात ठेवता हे ठेकेदाराला कळलं, तर तो तुम्हाला दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही. चहा छान झाला आहे."

मी कप न उचलताच परत आले. दोन महिने मी गप्प राहिले. ते दोन महिने आठवले की मला अजून बरं वाटत नाही. दोन हप्ते कापून झाले. दुसऱ्या हप्त्यानंतर तिने घरमालकाला सांगून टाकलं की महिनाअखेर खोली सोडते. गावी परत जाणार होती. तिच्या वडिलांनी तिला इतकं शिकवलं होतं आणि ती आपल्यावर आलेला ठपका घेऊन घरी परत जाणार होती.

थंडीच्या दिवसांत तपासणी आली. पुण्याहून एक बाई आल्या. दरवर्षी कोणीतरी यायचं आणि फायली बघून जायचं, पण या बाई वेगळ्या होत्या. वर्षभरात मशीनमध्ये झालेल्या सगळ्या बदलांची यादी त्यांनी छापून घेतली आणि काचेच्या खोलीत बसून एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागल्या. हा बदल कोणी मागितला? परवानगी कोणी दिली? केला कोणी? चहा त्या अर्धा कप घ्यायच्या. मी त्यांचं नाव अर्धाकप ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आत गेले तेव्हा बिनसाखर साहेब त्यांना सांगत होते, "मॅडम, कोणी केला ते नोंदीतच आहे की. समोर युजर लिहिलेला आहे."

बाई म्हणाल्या, "युजर कोण ते मला दिसतंय. मला माणूस हवा आहे."

"युजर म्हणजेच माणूस झाला ना."

"प्रत्येक वेळी नसतो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि पँट्रीत स्टुलावर बसले. नोंदीतलं नाव म्हणजेच माणूस नव्हे, असं दोन महिने मी स्वतःला म्हणत होते, तेच या अनोळखी बाई मोठ्याने म्हणाल्या होत्या. मी वही काढली, पदराला पुसली आणि ठरवलं. कामाचं जे व्हायचं ते होवो, धुणीभांड्याची चार घरं मला कुठेही मिळतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीला काचेच्या खोलीत बोलावलं. आत गोळीवाले साहेब होते, बिनसाखर होते, अर्धाकप बाई होत्या. मी चार कप भरले, वही ट्रेवर कपांच्या मधोमध ठेवली आणि आत गेले. बाई त्या मुलीला विचारत होत्या, "या बदलाचा अर्ज नाही, परवानगी नाही. तू रजेवर होतीस म्हणतेस. मग हा केला कोणी?" मुलगी खाली बघत होती.

मी ट्रे टेबलावर ठेवला. कप उचलायला हात पुढे आले तेव्हा मी वही बाईंच्या समोर सरकवली.

"हे काय?" गोळीवाले साहेब म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला की बाईंना वाकावं लागलं. "साहेब, लोकांच्या पासवर्डच्या चिठ्ठ्या माझ्याजवळ राहतात. कोण नेते ते मी लिहून ठेवते."

मुलीने चेहरा हातांत झाकला. बाईंनी वही उघडली आणि पानं उलटू लागल्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"हो जी. अक्षर खराब आहे."

"वाचता येतंय," त्या म्हणाल्या. मग पोळ्याच्या आदल्या दिवसाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. आपली छापील यादी त्यांनी शेजारी ठेवली. तीन वाजून दहा. "इथे लिहिलंय, बिनसाखर साहेबांनी नेली. बिनसाखर कोण?"

मला बोट दाखवता येईना. तेवढ्यात बिनसाखर साहेब हसले. "मॅडम, या वहीला काय अर्थ आहे? कोणाचं नाव नाही, सही नाही. आणि बिनसाखर चहा काय मी एकटाच पितो? सरसुद्धा साखर घेत नाहीत."

आता गोळीवाले साहेब माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की भीती, मला कळलं नाही. पण माझी भीती तिथे संपली. माणूस कोणाचंही नाव पुढे करू शकतो, पण मी सहा वर्षं ज्या हाताने चहा देते त्या हाताला काय माहीत आहे ते मला विचारा.

"साहेब गोळी टाकतात," मी म्हटलं. "साहेबांना मी वहीत गोळीवाले लिहिते. मागच्या पानावर आहे, चैत्रात त्यांनी एक चिठ्ठी नेली होती. बिनसाखर तुम्ही एकटेच आहात."

गोळीवाले साहेबांनी खिशाला हात लावला. डबी तिथेच होती. बाईंच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या. "आलंजास्त कोण? कोरा कोण?"

मी एकेकाचं सांगत गेले. काचेतून बाहेर टेबलावर बसलेली माणसं दिसत होती, ती मी दाखवत गेले. बाई आपल्या यादीवर तारखा आणि वेळा जुळवत गेल्या. रजेवर असलेल्या माणसाच्या नावे झालेला प्रत्येक बदल माझ्या वहीत सापडला. एकही ओळ सुटली नव्हती. शेवटी त्यांनी बिनसाखर साहेबांकडे वळून विचारलं, "त्या दिवशी दवाखान्याचा फोन तुम्हाला आला होता का? फोनमध्ये असेल, मी मागवू शकते."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आला होता. बिलं अडकली होती, पेशंट रांगेत उभे होते. मी मोठी केली मशीन. उद्या लहान करू म्हटलं आणि सुट्टी लागली. विसरलो. बिल आलं तेव्हा आठवलं, पण तोपर्यंत हिचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं."

मुलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "मग सांगाचं होतं न, सर. चिठ्ठी ठेवली म्हणून मले बोलले तर असतेच. पण मले इतके दिवस झोप तरी लागली असती."



बाईंनी डबा मागवला. अकरा चिठ्ठ्या टेबलावर काढल्या, ज्याची त्याला बोलावून परत दिली आणि सगळ्यांना तिथल्या तिथे पासवर्ड बदलायला लावले. मग मला म्हणाल्या, "मावशी, हे तुमच्याकडे ठेवायला नको होतं. ज्यांनी ठेवायला दिलं, चूक त्यांची आहे, आणि मी तसंच लिहिणार आहे. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"वही?" मी विचारलं.

"वहीच्या पानांचे फोटो घेते. वही तुमची."

ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन ओरडून गेला. "तुम्हाले चहा कराले ठेवलं का लोकांचे कागद सांभाळाले?" गोळीवाले साहेबांनी त्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा खाली मान घालून गेला. मी अजून त्याच ऑफिसात आहे. बिनसाखर साहेबही आहेत. कित्येक दिवस ते घरून थर्मास आणायचे. मी त्यांच्या टेबलावर कप ठेवायची आणि भरलेलाच उचलून न्यायची. एकदा मी उचलायला गेले तर कप रिकामा होता.

त्या मुलीने घरमालकाला सांगितलं की खोली सोडत नाही. उरलेले दोन हप्ते कापले गेले नाहीत. पण आधी कापलेले चोवीस हजार लगेच आले नाहीत. पुढच्या पगारात बारा आले. उरलेले बारा पुढच्या महिन्यात देऊ म्हणाले, पुढचा महिना आला आणि गेला. ती पुन्हा जाऊन मागायला संकोचायची. "मिळाले तेवढे बस झाले मावशी, आता कोण मागं लागते?"

मी लागते, मी मनात म्हटलं. हिशेब बघणारे दूधपाणी होते, पातळ चहावाले. रोज सकाळी त्यांच्यापुढे कप ठेवताना मी विचारू लागले, "साहेब, पोरीचे बारा हजार आले का जी?" पहिल्या दिवशी ते म्हणाले, होईल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सही बाकी आहे. पाचव्या दिवशी म्हणाले, "मावशी, तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, "काही नाही. उद्या परत विचारते." आठवड्याभराने शेजारच्या टेबलावरचा कोरा हसत ओरडला, "देऊन टाका ना गा तिचे, नाहीतर चहा बंद करन मावशी!" मी चहा बंद करणार नव्हते. पण विचारणंही बंद करणार नव्हते.

मार्चच्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये तिने फोन माझ्यापुढे धरला. आकडे इंग्रजीत होते, पण आकडे मला येतात. पूर्ण पगार, आणि खाली वेगळे बारा हजार. आधीचे बारा आणि हे बारा, चोवीस झाले. मी दोनदा मोजले. एक रुपया कमी नव्हता.